सीमेपलीकडचं घड्याळ : निघण्याआधी करायची तयारी

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, कैलास, ननकाना साहिब, कोलंबो किंवा ढाका, जायचं कुठेही असो, घड्याळाचं काम निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच उरकून टाका. त्यासाठी पोस्टकार्डाएवढा जाड कागद, एक निळा नि एक लाल पेन, प्रवासाची सगळी तिकिटं आणि निवांत अर्धा तास एवढंच लागतं. निळ्यानं भारतीय वेळ लिहायची, लाल पेनानं तिकडची. बेरीज-वजाबाकी चुकण्याचं प्रमाण फार कमी असतं. गोंधळ होतो तो समोर लिहिलेली वेळ कोणत्या गावची आहे हे न लिहिल्यानं. म्हणून प्रत्येक वेळेपुढे गावाचं नाव आलंच पाहिजे : '७:१५ काठमांडू', '७:०० गोरखपूर'. नुसतं 'सकाळी सात' असेल तर ती नोंद अर्धवट समजा.

कागदाच्या माथ्यावर आपला आकडा लिहा, साडेपाच. ग्रीनिचच्या वेळेपेक्षा भारत साडेपाच तास पुढे आहे. त्याखाली शेजाऱ्यांचे आकडे लिहा : अफगाणिस्तान साडेचार, पाकिस्तान आणि मालदीव पाच, श्रीलंका साडेपाच, नेपाळ पावणेसहा, भूतान आणि बांगलादेश सहा, म्यानमार साडेसहा, चीन आठ. साडे-पावणे-अडीचची सवय असलेल्या मराठी माणसाला हे हिशेब तोंडी जमतात. नेपाळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे, भूतान-बांगलादेश अर्धा तास पुढे, म्यानमार एक तास पुढे, चीन अडीच तास पुढे. पाकिस्तान-मालदीव अर्धा तास मागे, अफगाणिस्तान एक तास मागे, श्रीलंका आपल्याबरोबर. सूर्य पूर्वेला आधी उगवतो म्हणून पूर्वेचं घड्याळ पुढे, एवढं डोक्यात ठेवलं की अधिक की वजा हा प्रश्न उरत नाही.

नेपाळचा पाव तास अनेकांना टायपिंगची चूक वाटतो, म्हणून त्यामागचं गणित एकदा करून बघा. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची, ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजेच साडेपाच तास. नेपाळनं १९८६ पासून ८६ अंश १५ मिनिटांचं, गौरीशंकर शिखराजवळचं रेखावृत्त धरलं आहे; ८६.२५ गुणिले ४ म्हणजे ३४५ मिनिटं, पावणेसहा तास. चीननं सबंध देशाला १२० अंशांची वेळ लावली, म्हणून ४८० मिनिटं, आठ तास.

आकडे कागदावर आले की ते फोनशी ताडून बघा. जागतिक घड्याळात काठमांडू, ढाका, थिम्फू, कराची, यांगून यांपैकी आपल्या कामाची शहरं टाका. तिबेटसाठी ल्हासा सापडलं नाही तर बीजिंग किंवा शांघाय टाका, वेळ तीच आहे. जुन्या डायरीच्या मागच्या पानावरचा तक्ता मात्र वापरू नका. श्रीलंकेनं १९९६ मध्ये घड्याळ पुढे नेलं होतं आणि एप्रिल २००६ मध्ये ते परत साडेपाचवर आणलं. पाकिस्ताननं २००८ आणि २००९ च्या उन्हाळ्यात, तर बांगलादेशनं २००९ मध्ये घड्याळं तासभर पुढे केली होती. आज यांतल्या कोणत्याही शेजारी देशात उन्हाळी वेळ नाही. त्या वर्षांत छापलेले तक्ते मात्र कपाटात नि इंटरनेटवर अजूनही पडून आहेत.

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनी दशांशाचा फास ओळखून ठेवावा. नेपाळ म्हणजे ५.४५ नव्हे, ५.७५. पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण तास, आणि पाऊण म्हणजे ०.७५. भारतासाठी ५.३० आणि नेपाळसाठी ५.४५ लिहून वजाबाकी केली की फरक ०.१५ तास येतो. तो वाचायला पंधरा मिनिटांसारखा दिसतो, पण असतो नऊ मिनिटांचा. एक्सेलमध्ये दुसरी एक गंमत होते. मध्यरात्रीनंतरच्या १२:१० मधून अर्धा तास वजा केला की उत्तराच्या जागी चौकटभर जाळीची चिन्हं उमटतात, कारण तारखेशिवाय उणे वेळ त्याला दाखवता येत नाही. वेळेबरोबर तारीखही त्याच चौकटीत टाकली की प्रश्न मिटतो.

तिकडून आलेल्या ईमेलमधली इंग्रजी आद्याक्षरंही डोकं खातात. बीएसटी म्हणजे बांगलादेशची वेळ की ब्रिटनची उन्हाळी वेळ? सीएसटी चीनची की अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याची? पीएसटी पाकिस्तानी माणूस लिहितो तेव्हा एक अर्थ, कॅलिफोर्नियातला लिहितो तेव्हा दुसरा. आपलं आयएसटी इस्रायल आणि आयर्लंडवालेही वापरतात. अशी अक्षरं दिसली की उलट टपाली गावाचं नाव विचारून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आता तिकिटं समोर घ्या. विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. त्यात स्वतःहून काही मिळवायचं नाही. दिल्लीहून १३:०० ला निघून काठमांडूला १५:०० ला उतरायचं असेल तर प्रवास दोन तासांचा नाही, पावणेदोन तासांचा आहे. परतीला १६:०० ला निघून १७:३० ला दिल्ली दिसते ती दीड तासात नव्हे, त्याच पावणेदोन तासांत. दिल्लीहून पुढे नांदेड-परभणी-जालन्याच्या गाडीशी जोड असेल तर पोचण्याच्या वेळेपासून मोजा, ती आधीच भारतीय आहे. तिच्यातून पुन्हा पंधरा मिनिटं वजा करून गाडीला वेळ उरतो असं मानणं ही नेहमीची चूक.

टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमाचा मात्र भरवसा धरू नका. पहिल्या दिवशीच्या वेळा भारतीय, मधल्या नेपाळी आणि शेवटच्या पुन्हा भारतीय असा सरमिसळ कागद हाती येतो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'ही वेळ कुठली?' असं विचारा आणि त्यांच्यासमोरच लाल-निळं करा. सीमेवरच्या गावांत तर बसवाला, हॉटेलवाला नि रिक्षावाला आपापल्या सोयीची वेळ सांगतात. सोनौली, रक्सौल, जोगबनी इथे रस्त्याच्या एका अंगाला एक वेळ, पलीकडे पाव तास जास्त. भूतानच्या सीमेवर आपलं जयगाव आणि त्यांचं फुन्शोलिंग यांच्यात एक दरवाजा आहे नि फरक अर्ध्या तासाचा. जयगावात चहा पिताना साडेतीन वाजले असतील तर दरवाज्यापलीकडच्या कार्यालयात चार वाजलेले असतात, आणि कार्यालय बंद होतं ते त्यांच्या घड्याळानं. म्हणून पूर्वेकडे जाताना हातातला वेळ कमी होतो असं धरा, परतताना तो परत मिळतो. पाकिस्तानकडे जाताना उलटं. नांदेडहून अमृतसरमार्गे जाणाऱ्या जथ्यासाठी अटारीचे दहा म्हणजे वाघ्याचे साडेनऊ, पण परतताना वाघ्याचे तीन म्हणजे अटारीचे साडेतीन झालेले असतात. अमृतसरहून घरची गाडी धरायची असेल तर तो अर्धा तास आधीच खर्ची टाका. ती सीमा त्या वेळी उघडी आहे का, ही चौकशी अर्थातच या सगळ्याच्या आधी.

फोनचं एक वेगळं प्रकरण आहे. सीमेलगत पलीकडच्या टॉवरची रेंज जोरात असली की फोन कधीकधी ती पकडतो आणि न सांगता पंधरा मिनिटं पुढे जातो. उलट, नेपाळात भारतीय सिम चालत नसेल तर तो भारतीय वेळेतच अडकून राहू शकतो. त्यामुळे सीमेच्या आधीच्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ घेण्याचा पर्याय बंद करा, आणि सीमा ओलांडल्यावर वेळक्षेत्र हातानं बदला. मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, त्याला हात लावू नका. एका घड्याळाचे काटे फिरवायचे आणि दुसरं तसंच ठेवायचं, हाच साधा नियम गटातल्या सगळ्यांना सांगा. नाहीतर पहाटेच्या बसला अर्धे लोक पंधरा मिनिटं उशिरा येतात.

गजर आणि कॅलेंडर यांच्यातला फरकही समजून घ्या, कारण तो ऐनवेळी नडतो. गजर फोनच्या चालू घड्याळाला बांधलेला असतो : सातचा लावला तर तिथल्या सातला वाजेल. कॅलेंडरातली नोंद ज्या वेळक्षेत्रात केली त्याला बांधलेली असते. लातुरात बसून 'काठमांडू बस, सकाळी ७' अशी नोंद केली, तर नेपाळात पोचल्यावर तीच नोंद ७:१५ दाखवेल, ढाक्यात ७:३०, ल्हासात ९:३०. नोंद करतानाच वेळक्षेत्राच्या रकान्यात तिकडचं शहर निवडा. कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर दिसणारी वेळ पाठवणाऱ्याच्या फोनची असते, आपल्या नव्हे.

मध्यरात्रीच्या आसपासच्या वेळांना कागदावर चौकट करा. आपल्याकडे रात्रीचे ११:४५ झाले की नेपाळात तारीख बदलते, ११:३० ला बांगलादेशात, साडेनऊलाच चीनमध्ये. पाकिस्तान नि मालदीवमध्ये मात्र आपली नवी तारीख अर्धा तास चालून गेल्यावर ती लागते. हॉटेलचं बुकिंग, व्हिसाची शेवटची तारीख, परीक्षेचा अर्ज अशा ठिकाणी हा अर्धा तास पूर्ण दिवस खाऊ शकतो. 'मंगळवारी रात्री बारा' असं कधीच लिहू नका. सोमवारचा शेवट की मंगळवारचा, कुणालाच कळत नाही. २३:५५ किंवा ००:०५ लिहा. नेपाळात देशी बसच्या तिकिटावर आणखी एक पेच असतो : तारीख विक्रम संवताची आणि 'गते'मध्ये. १५ गते म्हणजे इंग्रजी १५ तारीख नव्हे, आणि आपली पौर्णिमा-अमावास्याही नव्हे. ती सौर महिन्यातली तारीख आहे. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतं. तिकीट घेताना खिडकीवरच इंग्रजी तारीख आणि वार मागे लिहून घ्या.

परतीचं रेल्वे आरक्षण तत्काळमध्ये करायचं ठरलं असेल तर ते भारतीय वेळेनं उघडतं, वातानुकूलित डब्यांचं दहाला, बाकीच्यांचं अकराला. नेपाळातून ते सव्वादहा आणि सव्वाअकरा, थिम्फूहून साडेदहा आणि साडेअकरा, तिबेटातून साडेबारा आणि दीड. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी हे करायचं असतं, तेव्हा गजर त्याच तारखेला लावा. ढाक्याशी कापसाचा किंवा सोयापेंडीचा सौदा असलेल्यांना घड्याळापेक्षा वार जास्त त्रास देतो. तिथे शुक्रवार-शनिवार सुटी, आपल्याकडे रविवार, म्हणजे कागदपत्रांसाठी दोन्हीकडे उघडे असलेले दिवस सोमवार ते गुरुवार एवढेच. नेपाळात शनिवार बंद. मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार, आणि तिथली काही रिसॉर्ट बेटं उजेड जास्त मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात. बोटीची वेळ मालेची की बेटाची, हे विचारूनच घ्या.

पंचांग बरोबर नेणाऱ्यांसाठी : मराठी पंचांगात दिलेली तिथी संपण्याची वेळ हा सगळीकडे एकच क्षण असतो, तेव्हा भारतीय २:१० म्हणजे नेपाळचे २:२५, इतकं सरळ आहे. राहुकाळ आणि सूर्योदयावर बेतलेले मुहूर्त मात्र असे पंधरा मिनिटं मिळवून निघत नाहीत, ते त्या गावच्या सूर्योदयावरून नव्यानं काढावे लागतात. छत्रपती संभाजीनगरात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास, काठमांडूत त्यांच्या घड्याळानं बारा वाजून चार मिनिटांनी. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या जवळपास मावळतो, तिथे सव्वापाचच्या आसपासच. डोंगरातला शेवटचा टप्पा आपल्या सवयीनं संध्याकाळी सहावर ठेवला तर तो अंधारात होतो.

कैलास-मानसरोवरासाठी कागदावर तीन रकाने लागतात. नेपाळगंज-सिमिकोट-हिल्सा या वाटेनं गेलात तर हिल्साचा पूल ओलांडताच नेपाळी घड्याळ सव्वादोन तास पुढे जातं. सकाळचे सहा म्हणजे पलीकडे सव्वाआठ. लिपुलेखनं किंवा नाथुलानं गेलात तर एकदम अडीच तास. मानसरोवर आहे साडेएक्क्याऐंशी अंशांवर, म्हणजे मिर्झापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, त्यामुळे तिथल्या उन्हाशी जुळतं ते आपल्या मनगटावरचं घड्याळ. जुलैत बीजिंगच्या वेळेनं साडेसात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि ऊन माथ्यावर येतं अडीचच्या पुढे. परिक्रमेला 'सकाळी सातला निघायचं' असं सांगितलं तर तो उजाडतानाचा गारठा आहे हे ओळखून कपडे घाला. वेळेवर घ्यायच्या गोळ्या, विशेषतः इन्सुलिन, असेल तर पाव-अर्ध्या तासानं बिघडत नाही, पण अडीच तासांच्या फरकाचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते याच कागदाच्या मागे चिकटवा.

शेवटी तीन वेळा तोंडी बदलून बघा, त्यातली एक मध्यरात्रीला ओलांडणारी असू द्या : भारतात शनिवारी रात्रीचे ११:५० असताना थिम्फूत रविवारचे ००:२०. तिन्ही बरोबर आल्या की कागदाचा फोटो घरच्यांना पाठवा, म्हणजे ते फोन करतील तेव्हा तुमची पहाट नसेल. मूळ कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. परतीच्या रात्री फोन पुन्हा आपोआप वेळेवर टाकायचा आहे, हेही त्यावर तळाला लाल पेनानं लिहा.