घरच्या गाड्या पोरांच्या हातात जाईपर्यंत टिकवायच्या असतील तर

लातूर, जालना, नांदेड कुठंही बघा, ट्रान्सपोर्टचा बोर्ड बापानं लावलेला असतो आणि पोरांच्या काळात गाड्या विकायला निघतात. विचारलं की म्हणतात डिझेल वाढलं, भाडं परवडंना. असंल, पण मी बघायलो त्यातल्या निम्म्या तरी घरच्या हिशोबावरून विकल्या, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

गाडीचं बँक खातं वेगळं काढा आणि त्यातून लग्न, प्लॉट, शेतातलं बोअर काहीच उचलायचं नाही. जो भाऊ ऑफिसला बसतो त्याला महिन्याला पगार, थोरला असो का धाकटा, आणि जो पुण्यात नोकरीला आहे त्याला पगार नाही, वर्षाच्या नफ्यात हिस्सा. हे आप्पा हयात असतानाच आप्पांच्या तोंडून ठरवून घ्या, नंतर कोण कुणाचं ऐकतंय. आरसी कुणाच्या नावावर आहे ते पण बघा, 2021 पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो, लावून टाका. मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि नॉमिनी नसला की वारसाच्या कागदासाठी सगळ्या भावकीच्या सह्या गोळा करत फिरा.

आता पैसा कुठं अडकतो ते. भाड्याचा अॅडव्हान्स मिळतो, बाकी अडकते, आणि बाकी पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या सही शिक्क्यावर असते. ड्रायव्हरला सांगून ठेवा की गाडी खाली होताना कट्टे, म्हणजे मालाची पोती, स्वतः मोजायचे, मोबाईलवर बोलत सावलीला बसायचं नाही, आणि बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, सही शिक्का घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. तिथला मुनीम बारीक अक्षरात "2 कट्टे कमी, 1 ओला" असं लिहून देतो आणि ड्रायव्हर न वाचता घडी घालून खिशात टाकतो, मग महिन्याभरानं भाड्यातून कपात झाली की आपण भांडत बसतो. निघायच्या आधी पोचचा फोटो ऑफिसला पाठवायचा, काही लिहिलेलं दिसलं तर गाडी तिथंच असताना फोन करा, तेव्हाच काय तो निकाल लागतो.

ओल्या कट्ट्याचं मूळ ताडपत्रीत असतं. मृग लागायच्या आधी भर दुपारी रिकाम्या गाडीवर ताडपत्री ओढा, आत फाळक्याला टेकून उभं राहा आणि वर बघा, जिथून ऊन टोचतंय तिथं खडूनं खूण करून ठिगळ मारून घ्या. तूरडाळ भरलेल्या गाडीला एक भोक पुरे होतंय.

माल एकाच जातीचा धरू नका. सोयाबीनच्या सीझनला सगळेच राजे असतात हो. पण 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसल्या वर्षी यार्डातून काय भरणार. म्हणून जालन्याची सळई नाहीतर वाळूजच्या कंपनीचा माल, एक तरी लाईन पावसावर न चालणारी पाहिजेच, भाडं थोडं कमी मिळालं तरी चालंल.

ओव्हरलोडचा मोह प्रत्येक पिढीला होतो. दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, वर जास्तीचा माल तिथंच उतरवून घेतात, शिवाय स्प्रिंगचे पाटे आणि टायर जातात ते वेगळंच, ते कोणी हिशोबात धरतच नाही. काट्याची पावती बघूनच गाडी सोडा.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाईन कागद, साधारण 200 किमीला 1 दिवस चालतं. गाडी बिघडून अडकली तर मुदत संपायच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवता येतं, आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबर टाकायला विसरू नका. हे काम घरातल्या ज्या माणसाचा फोन रात्री पण चालू असतो त्याच्याकडं द्या, आमच्याकडं वहिनी बघतात आणि इन्शुरन्स, फिटनेसच्या तारखा पण त्यांच्याच कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात.