संशोधनपत्रिकेला लेख पाठवण्याआधी

विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा आटोपली की आपल्या मराठवाड्यातले बरेच प्रकल्प लेखाचं रूप घेऊन विद्यार्थी-संशोधनपत्रिकांकडे निघतात. लेखावर महिने जातात, पत्रिका लेखाच्या हक्कांबद्दल सही मागते त्या फॉर्मवर दोन मिनिटंही नाही. तेव्हा पाठवण्याआधी एवढं उरकून घ्या.

लेख कोणाचा, हे आधी मिटवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच सहसा पहिला मालक, चौघांनी लिहिला असेल तर चौघेही. नावांचा क्रम आणि प्रत्येकाचा होकार लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. सरांनी लेखनात हात लावला नसेल, तर त्यांचं नाव ऋणनिर्देशात जावं. हे सरांना सांगायला धीर लागतो, ते मान्य.

मग लेखात दुसऱ्याचं काय आलंय ते बघा. विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे ही कुणाची मालमत्ता नव्हे, स्रोत दिला की झालं. पण दुसऱ्याने काढलेला नकाशा किंवा किल्लारीच्या भूकंपाचा वर्तमानपत्रातला फोटो जसाच्या तसा घ्यायचा, तर परवानगी हवी. बीडच्या ऊसतोड कामगारांशी बोलला असाल, तर लेख इंटरनेटवर सगळ्यांना दिसणार आहे हे त्यांना सांगून संमती घ्या.

आता तो फॉर्म. बहुधा इंग्रजीत असतो, तरी सावकाश वाचा. त्यात हक्कांचं हस्तांतरण मागितलंय, म्हणजे हक्क पत्रिकेचेच होतात, की नुसता परवाना, म्हणजे हक्क तुमचे आणि वापरायची मुभा पत्रिकेला, हे पाहा. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण ‘सर्व हक्क, जगभर, कायमचे’ असं छापलेलं असलं की या तरतुदींचा आधार उरत नाही. लेख छापून संकेतस्थळावर ठेवायला पत्रिकेला परवाना पुरतो, म्हणून संपादकांना तेवढंच द्यायची तयारी दाखवा. बहुतेकांनी फॉर्म कुठल्यातरी मोठ्या प्रकाशकाचा उचललेला असतो, ते वाद घालत नाहीत. आपलं नाव लेखावर राहण्याचा हक्क मात्र हस्तांतरणानंतरही कलम ५७ खाली तुमचाच.

पत्रिका ‘मुक्त प्रवेश’ (ओपन ॲक्सेस) असेल, तर त्याचा अर्थ वाचकाला पैसे पडत नाहीत, तुमची मालकी सुटली असं नव्हे. लेख इतरांनी कसा वापरावा हे ठरवणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने असतात, त्यातला कोणता लागणार ते विचारा. ‘सीसी बाय’मध्ये श्रेय देऊन कुणीही लेख वापरू शकतो, ‘एनसी’ जोडलं की व्यापारी वापर वगळला जातो. ‘एनडी’ घेतलात तर तुम्हाला विचारल्याशिवाय भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. मराठीत लिहिणाऱ्याने ती अट घालून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, तेव्हा आधीच ठरवा.

‘तीन दिवसांत छापून देतो, फी एवढी’ असा मेसेज आला तर थांबा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दर्जेदार पत्रिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ हा शिक्का आता काही सिद्ध करत नाही. आयएसएसएन हा तर नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक, भारतात तो फुकट मिळतो. डीओएजे या मुक्त प्रवेश पत्रिकांच्या जागतिक यादीत पत्रिका आहे का ते शोधा. नवी विद्यार्थी-पत्रिका तिथे नसूही शकते, मग संपादक मंडळातल्या एखाद्याला सरळ फोन लावा.

ऑर्किड हा संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक फुकट काढून ठेवा, सही केलेल्या फॉर्मची प्रत घ्या आणि लेखावर कॉलेजचा नव्हे, स्वतःचा ईमेल द्या. डिग्री झाली की कॉलेजचा बंद होऊ शकतो.