या चुका टाळा: स्किझोफ्रेनिया, राग आणि आपण घरचे

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय खरे वाटायला लावणारा मानसिक आजार. तो असलेल्यांच्या घरच्यांच्या स्वमदत गटात मी चौदा वर्षं येतेय. नवीन पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अंगावर धावून येतो, काय करू?" मी विचारते, त्याच्या आधी घरात काय झालं? उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. या आजारातली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाणारेच त्यांच्यात जास्त. जो उगारतो, तो बहुधा भ्यालेला असतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चोरून गोळी देणं. आमच्याच घरी झाली. धाकट्या भावाला वाटायचं, जेवणात विष कालवतात. गोळ्या थुंकून टाकायचा. आई थकली होती. एका नातेवाइकाचं ऐकून ती गोळी कुटून वरणात घालू लागली. नवव्या दिवशी त्याला वाटीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. ताट भिंतीवर गेलं आणि आईचं मनगट मोडलं. पुढे दोन महिने तो स्वतः सोललेली केळी आणि फोडलेल्या शेंगा एवढंच खायचा. त्याचा संशय आम्हीच खरा करून दाखवला होता.

गोळी सांगून द्या. घेतच नसेल तर महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. भावाला राजी करायला पाच महिने लागले, आज तो तेच घेतो. "झटपट काहीतरी सांगा" म्हणणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

दुसरी चूक, भ्रमाशी वाद. "शेजारी कशाला पाळत ठेवतील?" म्हटलंत की तुम्हीही शेजाऱ्यांना सामील. मी खाली बसते, दाराची वाट मोकळी ठेवते, हात लावत नाही. "तुला भीती वाटतेय, मी इथे आहे," एवढंच म्हणते.

रात्रभर येरझारा, पाय ठरत नाहीत, चिडचिड? आजार वाढला असं परस्पर ठरवू नका. या आजारावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनीही असं होतं, त्याला अकाथिसिया म्हणतात. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बरं वाटतंय म्हणून औषध बंद करू नका. दारू-गांजाकडे काणाडोळा नको. लग्न हा उपचार नाही.

आणि साखळी कधीच नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला 2001 साली आग लागली तेव्हा साखळदंडांमुळे पळता न आल्याने 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे.

हातात सुरी दिसली तर समजावत बसू नका, बाहेर पडा, 112 लावा. एरवी सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. आमच्याकडे दोन्ही नंबर शेजारच्या काकूंच्या फ्रिजवरही चिकटवलेत.