उल्लापूलला राहायला येणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर लॉख ब्रूम नावाची लांबलचक खाडी आत शिरली आहे. तिच्या काठी उल्लापूल आहे, वस्ती जेमतेम दीड हजार. हॉटेलात शेफ, केअर होममध्ये मदतनीस, नर्स अशा नोकऱ्यांवर आता आपली माणसंही इथं येऊ लागली आहेत. येण्याआधी फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, डाळ-तांदूळ कुठं मिळतात? त्याचं उत्तर पुढं देतेच. पण गावात तुम्हाला पहिला प्रश्न विचारला जाईल तो वेगळाच: हिवाळ्यातही इथंच राहणार का? प्रश्न खवचट नाही. गावाची गोष्ट माहीत असली की तो का विचारतात हे कळतं, म्हणून आधी ती सांगते.

गावातले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. डोंगराळ मुलखातलं जुनं गाव असं नसतं. 1788 साली ब्रिटिश फिशरीज सोसायटीनं हेरिंग मासळीसाठी हे गाव मुद्दाम वसवलं. धक्का, गोदामं, घरं बांधली, जमिनीचे तुकडे आखून दिले आणि बाहेरून माणसं आणली. मासा किनाऱ्याला लागला की लगेच साफ करून मिठात पिंपं भरायची. आमच्या देवगडकडे जन्मलेल्याला हे काम समजावून सांगावं लागत नाही. पण मिठावर कर होता, त्याचे नियम किचकट होते, आणि पुढं काही दशकांतच हेरिंगचे थवे या खाडीत येईनासे झाले. गाव राहिलं, धंदा गेला.

माणसं तर त्याही आधीपासून जात होती. 1773 साली याच खाडीतून 'हेक्टर' जहाज सुमारे 190 माणसं घेऊन कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला निघालं. वाटेत देवीच्या साथीत लहान मुलं दगावली. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना मेंढ्यांसाठी रानं मोकळी हवी झाली आणि कुळांना उठवायला सुरुवात झाली. इथून उत्तरेला कोयगाख भागात 1852-53 मध्ये नोटिसा घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना बायकांनीच अडवलं, कागद हिसकावून जाळले. तिथली कुळं जमिनीवर राहिली. ही हकिगत इथली माणसं आजही अभिमानानं सांगतात, आणि मला ती ऐकताना दरवेळी ऊर भरून येतो.

आता एक आपल्याशी जोडलेली गोष्ट, जी इथल्या मराठी माणसांनाही सहसा ठाऊक नसते. धंदा बसल्यावर 1840च्या दशकाच्या अखेरीस सोसायटीनं अख्खं गाव विकलं, ते सर जेम्स मॅथेसननी घेतलं. समोरचं लुईस बेट त्यांनी आधीच विकत घेतलं होतं. हा पैसा चीनमधल्या व्यापारातला, त्यातही मोठा वाटा अफूचा. जार्डिन मॅथेसन कंपनीसाठी माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनकडे रवाना करणाऱ्यांत आघाडीचं नाव होतं जमशेटजी जीजीभॉय यांचं. ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल भायखळ्याला उभं आहे, तेच. माळव्याचा शेतकरी, मुंबईचा धक्का आणि हे गाव एकाच हिशेबाच्या वहीत होते. तुम्हाला इथं परकं वाटलं तर हे लक्षात असू द्या.

विसाव्या शतकात मासळी पुन्हा आली, बांगड्याच्या जातीतल्या मॅकरेलच्या रूपानं. सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत सोव्हिएत आणि पूर्व युरोपातली मासे प्रक्रियेची मोठमोठी जहाजं खाडीत नांगरून असायची. त्यांना इथं क्लाँडायकर म्हणत. साठीच्या पुढच्या कुणालाही त्याबद्दल विचारा, तासभर बोलतील. तीही गेली. आज गावाचा आधार म्हणजे 1973 पासून इथून लुईस बेटावरच्या स्टोर्नोवे गावाला सुटणारी फेरी बोट, उन्हाळ्यातले पर्यटक, आणि पिंजऱ्यांनी लँगस्टीन, म्हणजे छोट्या शेवंडासारखी कोळंबी, पकडणाऱ्या छोट्या होड्या. म्हणजे आलेली आणि निघून गेलेली माणसं या गावानं खूप पाहिली आहेत. राहणारी कोण, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

आता राहण्याचं. सगळ्यात अवघड गोष्ट घर. बरीच घरं सुट्टीच्या भाड्यानं जातात, त्यामुळं वर्षभराचं भाड्याचं घर मिळणं मुश्कील. नोकरी देणारा राहायची सोय करतो म्हणाला तर ती किती महिन्यांसाठी, सीझन संपल्यावर काय, भाडं पगारातून कापणार का, हे सगळं लेखी घ्या आणि मगच तिकीट काढा. या एका बाबतीत भिडेला बळी पडू नका. घर बघताना ते गरम कशानं होतं तेही विचारा. गावात पाइपचा गॅस नाही. वीज, तेलाची टाकी किंवा लाकडाची शेगडी. घर स्वस्त आहे म्हणून घ्याल आणि जानेवारीत विजेचं बिल भाड्याच्या बरोबरीनं येईल.

सामानासाठी गावात टेस्को आहे. तांदूळ, मसूर, चणे, हळद-तिखट मिळतं. गोडा मसाला, कोकम, तिरफळं घरून आणा किंवा ग्लासगोला जाल तेव्हा भरून घ्या. पोस्टानं मागवणार असाल तर आधी डिलिव्हरीला किती पैसे लावतात ते बघा. पुष्कळ कुरिअरवाले हायलँडचा पिनकोड दिसला की जादा पैसे लावतात, जणू आपण बेटावर राहतो. पण उन्हाळ्यात संध्याकाळी धक्क्यावर जा. पोरं गळांची माळ लावलेली दोरी सोडून मॅकरेल काढत असतात, जास्तीचे सहज देऊन टाकतात. आपल्या बांगड्यापेक्षा हा मासा तेलकट, म्हणून तिखल्यात तेल जवळजवळ घालूच नका, आणि तिरफळं किंचित जास्त ठेचा. ताजा असेल त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो.

डॉक्टर गावात आहेत आणि स्कॉटलंडमध्ये प्रिस्क्रिप्शनच्या औषधांना 2011 पासून पैसे पडत नाहीत. मोठं काही झालं की इनव्हरनेसचं रेगमोर हॉस्पिटल, साधारण 90 किलोमीटर. बाळंतपणाची तारीख हिवाळ्यातली असेल तर रस्त्याचा विचार आधीच करून ठेवा. वाटेत डिरी मोर नावाचा उघडा माळ लागतो, बर्फ साचलं की तिथली फाटकं बंद करतात. गाडीत घोंगडी, फावडं, पाणी, चार्जर कायम ठेवा.

आडवाटेला लागलात की रस्ता एका गाडीपुरताच असतो. मधूनमधून 'पासिंग प्लेस' असते. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा आत शिरेल. मागे कुणी घाईत असेल तर त्यालाही पुढं जाऊ द्या, आणि हात वर करायला विसरू नका. हात न करणारी गाडी कुणाची, हे गावात संध्याकाळपर्यंत कळतं.

डिसेंबरच्या शेवटी जेमतेम साडेसहा तास उजेड असतो, तोही ढगातून गाळलेला. जूनमध्ये उलट, रात्री साडेदहाला सूर्य मावळतो आणि आभाळ पुरतं काळं होतच नाही, जाड पडदे लावा. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चावरी चिलटं उठतात. अंगभर कपडे घाला, वाऱ्यात उभे राहा, दुसरा खात्रीचा उपाय नाही. अंधाराचं मात्र मनावर घ्या. डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व सुरू करा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातले दोन दिवस तरी घराबाहेरचं काही ठरवून ठेवा. एकट्यानं खोलीत मोबाइल बघत काढलेला हिवाळा माणसाला आतून पोखरतो. मी तो इतरांना काढताना पाहिलाय, म्हणून कळकळीनं सांगतेय.

बाहेरचं म्हणजे काय? वल्ही मारायला जा. गावात कोस्टल रोइंग क्लब आहे. चार वल्हेकरी, एक सुकाणूवाला, सेंट एल्स जातीची लाकडी होडी. अशा होड्यांची पहिली जागतिक स्पर्धा 2013 साली इथंच भरली होती. येत नसेल तर शिकवतात. व्हिलेज हॉलमधल्या केलीला, म्हणजे सामूहिक नाचगाण्याला जा. पावलं कुणीतरी हात धरून दाखवतंच. इथले आगीचे बंब, कोस्टगार्डची बचाव तुकडी, डंडॉनेलची डोंगर बचाव तुकडी, सगळं आपापली नोकरी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या जोरावर चालतं. भरतीची पाटी दिसली तर व्हिसाच्या अटी तपासून चौकशी करा. गावकीत हात लावणारा माणूस इथं परका राहत नाही.

शेजारी गेला तर अंत्ययात्रेला जाच, ओळख थोडी असली तरी. शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या साधारण आठ असतात, कुठली कुणाच्या हाती हे घरचे ठरवून सांगतात. तुम्हाला सांगितलं तर तो मोठा मान आहे. नाही म्हणू नका, फक्त आधी विचारून घ्या कुठं उभं राहायचं. रविवार देवाचा, त्या दिवशी कामधंदा करायचा नाही, ही जुनी कडक शिस्त आता इथं सैल झाली आहे. समोरच्या लुईसवर मात्र ती बरीच टिकून आहे. स्टोर्नोवेहून रविवारची फेरी सुरू झाली तीच मुळी 2009 मध्ये. तिकडं फिरायला गेलात तर रविवारी दोरीवर कपडे वाळत घालू नका.

आणि 31 डिसेंबरला, हॉगमनेच्या रात्री, लवकर झोपू नका. बारा वाजून गेल्यावर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा काळ्या केसांचा पुरुष असेल तर वर्ष चांगलं जातं, असं इथं मानतात. आपल्यातल्या पुरुष मंडळींना हमखास बोलावणं येतं. रिकाम्या हातानं जायचं नसतं. कोळशाचा तुकडा, व्हिस्की किंवा केक काहीतरी न्यावं. तिळाच्या वड्या नेल्या तरी आनंदानं घेतात.