लाज वाटावी असा इतिहास असलेली वास्तू जपायची कशी

जिथे माणसं डांबली, विकली, मारली अशी एखादी इमारत जपायची ठरली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी रंगाचा डबा घेऊन येतं, त्याला आधी थांबवा. घासपुसही नको. भिंतीवरची काजळी, गंजलेल्या कड्या, ओरखडे, सगळा पुरावा आहे तो.

पहिलं काम नोंद. अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, समोरून उजेड नको, म्हणजे दिवसा अजिबात न दिसणारी खिळ्याने कोरलेली नावं, दिवस मोजायला मारलेल्या रेघा सावली पडून उठून दिसतात. तेव्हाच फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून, आणि कुठल्या खोलीची कुठली भिंत ते तिथल्या तिथे लिहा, नंतर आठवत नाही.

मग गळकं छप्पर आणि तुंबलेल्या पन्हळी, कारण सगळ्यात जास्त वाट पाणी लावतं. आणि प्लीज, जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका! ओल आत कोंडते, क्षार फुगतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि त्यांच्यासोबत ती नावंही जातात. चुन्याला चुनाच.

पडलेलं परत बांधायचा मोह आवरा. पोलंडमधल्या आउशवित्झ-बिर्केनाऊ या छळछावणीतली, माणसं मारायची गॅस चेंबर्स नाझींनी जाता जाता स्वतःच उडवली, मागे काही सापडू नये म्हणून, ते ढिगारे आजही ढिगारेच ठेवलेत, कारण केलेलं लपवायची धडपडही त्यातच दिसते. फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान गाव नाझी सैनिकांनी १० जून १९४४ ला लोकांना मारून जाळलं, तेही तसंच ठेवून नवं गाव शेजारी वसवलं.

वाचलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना कमिटीत घ्या, नुसतं उद्घाटनाला बोलवू नका. दक्षिण आफ्रिकेत मंडेलांना ठेवलं होतं तो रॉबेन आयलंडचा तुरुंग तिथे कैद भोगलेल्यांनीच लोकांना फिरून दाखवलाय, ते पाठ केलेल्या माहितीतून कसं येणार?

माहितीच्या बोर्डाकडे मात्र खूप लक्ष द्या, माझ्या मते सगळ्यात जास्त चोरी तिथेच होते. ‘येथे अनेक जण मृत्युमुखी पडले’ म्हणजे काय, पूर आला होता का? कोणी मारलं, कोणाच्या हुकमावरून, कधी, किती जणांना, सरळ कर्त्यासकट लिहा. छापायला द्यायच्या आधी तो मजकूर त्या कुटुंबांपैकी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्या वाक्याला ते अडतील ते पुन्हा लिहा.