लेहला नक्की कधी जायचं ते कसं ठरवायचं

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, मेमध्ये मुलांना सुट्टी आहे, लेह करून येऊ का? आणि मी उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारते, विमानाने जाणार की रस्त्याने, हातात दिवस किती, आणि तिथे बघायचंय काय. महिना चौथा. बरेच जण नेमकं उलटं करतात, आधी सुट्टी बघून तिकिटं काढतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की मनालीचा रस्ता अजून उघडलाच नाही किंवा हेमिस मठाचा उत्सव मागच्याच आठवड्यात होऊन गेला.

मी चारदा जाऊन आलेय, मे, ऑगस्ट, सप्टेंबर आणि एकदा जानेवारी, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं अंगावर घेऊन शिकलेलं आहे.

आधी उंचीचं, कारण ती बाराही महिने तेवढीच असते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे साडेअकरा हजार फूट. लोक सांगतात तिथे झाडं कमी म्हणून ऑक्सिजन कमी, हिवाळ्यात पानं झडली की आणखी कमी, पण तसं नाहीये. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतो, हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. बॅगेतलं वेफर्सचं पाकीट काढून बघा, घरून निघताना बऱ्यापैकी चपटं असतं, लेहला पोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगलेलं. तोच फरक आपल्या शरीरालाही सोसायचा असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गेस्ट हाउसचा एक जिना, चौदा पायऱ्या, हातात बॅग घेऊन नेहमीच्या वेगाने चढले आणि पलंगावर बसले तर कानात ठोके ऐकू येत होते. आमाले (तिथे आईला आमाले म्हणतात, गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना सगळे तसंच हाक मारतात) गरम पाण्याचा थर्मास घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आज बाहर नहीं जाना, पानी पियो और सो जाओ. त्या दिवशी मी खिडकीतून फक्त समोरचा शांती स्तूप बघितला आणि तेच बरोबर होतं.

म्हणून विमानाने जाणार असाल तर पहिले ४८ तास लेहमध्येच, पहिला दिवस तर जवळपास खोलीतच, आणि हे दिवस ट्रिपमधून वजा करून मगच बाकीचं मोजायचं. एकूण पाचच दिवस असतील तर नुब्रा खोऱ्यापर्यंत जाऊन या आणि पँगाँग तलाव पुढच्या वेळी, कारण नुब्रातलं दिस्कीट-हुंदर लेहपेक्षा खाली, साधारण ३,१०० मीटरवर आहे, तिथे रात्री झोप लागते. पँगाँगचा काठ ४,२०० मीटरच्या वर, तिथे तिसऱ्याच रात्री मुक्काम ठेवला की डोकं धरून बसायची वेळ येते. आठ-नऊ दिवस असतील तर आधी लेह, मग नुब्रा, मग पँगाँग असा क्रम. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणि तिथे डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या थांबेनात, चालताना तोल जायला लागला किंवा नुसतं बसलेलं असताना धाप लागली तर उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच डॉक्टर आणि खाली उतरायचं.

आता रस्ता. लेहला येणारे मुख्य रस्ते दोन. श्रीनगरहून येणारा सोनमर्ग, झोजिला घाट, द्रास, कारगिल, लामायुरू करत येतो आणि हळूहळू चढतो, कारगिलचा मुक्काम साधारण २,७०० मीटरवर पडतो, शरीराला वेळ मिळतो. मनालीचा रस्ता दिसायला जास्त भव्य आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग घाटाची कटकटही गेली, पण पुढे बारालाचा, लाचुलुंग, तंगलंग असे एकापाठोपाठ एक घाट येतात, त्यातले शेवटचे दोन तर ५,००० मीटरच्या वर, आणि मधला सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे लेहची सवय व्हायच्या आधीच लेहपेक्षा उंच झोपायचं. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त लोक आजारी पडलेत ते सरचूलाच. म्हणून रस्त्याने जायचं तर श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा, उलट करू नका.

श्रीनगरचा रस्ता पूर्वी हिवाळ्यात कित्येक महिने बंद असायचा, हल्ली बीआरओवाले (सीमेकडचे रस्ते सांभाळणारी सरकारी संघटना) झोजिलावरचा बर्फ लवकर काढतात आणि बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्येच वाहतूक सुरू होते. मनालीचा मात्र मे महिन्यात कधीतरी उघडतो, कधी जूनसुद्धा उजाडतो, आणि ऑक्टोबरनंतर भरवसा नाही. दोन्ही रस्ते धरून गोल फिरायचं असेल तर जूनचा मध्य ते सप्टेंबर अखेर, त्याच्या अलीकडे-पलीकडे हॉटेलचं पूर्ण पैसे भरून बुकिंग करू नका.

एप्रिलबद्दल फार कुणी बोलत नाही म्हणून सांगते. जर्दाळूची झाडं फुलतात ती एप्रिलमध्ये, आणि फुलं खालून वर चढत जातात, म्हणजे सिंधूच्या काठाने खालच्या अंगाला असलेल्या शाम भागातल्या गावांत आधी, मग हळूहळू वरच्या गावांत. एका गावात बहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. बाकी सगळा डोंगर तपकिरी, उघडाबोडका, आणि मध्येच गुलाबी-पांढऱ्या झाडांचा एक पट्टा. विमानाने जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा, गर्दी कमी, फक्त रात्री अजून शून्याजवळ असतात.

मे महिना, म्हणजे आपली शाळेची सुट्टी. वाईट नाही, दिवसा ऊन छान असतं, खारदुंग ला या घाटात मुलांना बर्फ हमखास मिळतो. पण विमानानेच जायचं, गरम कपडे खरे न्यायचे आणि लेह हिरवं दिसेल अशी अपेक्षा ठेवायची नाही, झाडांना पानं नुकती फुटत असतात. अगदी लहान मूल किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असलेले आजी-आजोबा असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठल्याच महिन्यात नाही, पण मेमध्ये गेलातच तर निदान लेहपुरतं ठेवा.

जूनपासून गर्दी. हेमिसचा उत्सव तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात दशमीला सुरू होतो, दोन दिवस असतो, इंग्रजी तारखेने जून किंवा जुलैत येतो आणि दरवर्षी हलतो, आपले सण हलतात तसाच. मुखवटे घालून लामा नाचतात ते एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं. दर बारा वर्षांनी माकडाच्या वर्षात तिथला एक मोठा थांगका (कापडावरचं धार्मिक चित्र) उलगडतात, मागे २०१६ मध्ये झालं, आता २०२८. ज्यांना ते बघायचंय त्यांनी आत्तापासून डोक्यात ठेवा.

जुलै-ऑगस्टबद्दल एक वाक्य फार फिरतं, लडाख पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस नसतो, आपल्याकडे धो धो चालू असताना तिकडे बिनधास्त जा. अर्धं खरं आहे. लेहला वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण डोंगरावर माती धरून ठेवायला गवत नाही, झाड नाही, त्यामुळे थोडा पाऊस एकदम आला तरी सगळा चिखल खाली येतो. ऑगस्ट २०१० मध्ये ५ तारखेच्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा एका रात्रीत दोनशेहून जास्त माणसं गेली. दरवर्षी असं होत नाही, पण हिमाचलच्या बाजूला याच दिवसांत दरडी कोसळतात, त्यामुळे या दोन महिन्यांत जायचंच तर विमानाने आणि एक-दोन दिवस मोकळे ठेवून.

आणि या महिन्यांत पाण्याला वेळ असते हे कुणी सांगत नाही. वरचा बर्फ उन्हाने दिवसभर वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर नाल्यात उतरतं. पँगाँगच्या रस्त्यावर टांगत्सेच्या पुढे एक नाला आहे, त्याला पागल नालाच म्हणतात. ऑगस्टमध्ये आम्ही तिथे दुपारी चारला पोचलो तर समोर रस्ता नाहीच, मातकट पाणी आणि पाण्याच्या आत दगड एकमेकांवर आपटतायत त्याचा आवाज. आमचे ड्रायव्हर दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठी घेऊन उतरले, चार पावलं गेले, परत आले, म्हणाले नाही जायचं. टांगत्सेला मागे येऊन राहिलो. सकाळी साडेसहाला त्याच जागी पाणी घोट्याएवढं होतं आणि दोन मिनिटांत पार झालो. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये लांबचा पल्ला असेल तर पहाटेच निघायचं, नाष्टा वाटेत.

आता माझा लाडका काळ. अनंत चतुर्दशी ते दसरा. गणपती उठले की आपल्याकडे पितृपंधरवडा लागतो, लोक शुभ कामं टाळतात, सहलीही फार कुणी काढत नाही, आणि बहुतेक वर्षी नेमक्या त्याच पंधरा दिवसांत लडाख सगळ्यात सुंदर असतं. नाले उतरलेले, दोन्ही रस्ते उघडे, आभाळ धुतल्यासारखं निळं. निम्मूला सिंधू-झंस्कारचा संगम जुलैत नुसता गढूळ दिसतो, तिथे सप्टेंबर अखेरीस पाणी निवळलेलं असतं. शेतात सातूची कापणी आणि झोडणी चाललेली, घरांच्या गच्च्यांवर जर्दाळू वाळत घातलेले, केशरी रंगाचे चौकोनच्या चौकोन. आमालेंनी मला गच्चीवर नेऊन वाळत आलेला एक हातात दिला, वरून कातड्यासारखा चिवट, आत अजून ओला आणि मधासारखा गोड, आणि बी फेकू दिली नाही, त्याचं तेल काढतात म्हणाल्या. महिनाअखेरीला पॉप्लर आणि विलोची झाडं पिवळी व्हायला लागतात. दिवसा एका स्वेटरवर भागतं, रात्री जाड जॅकेट लागतंच. फक्त सप्टेंबरात लडाख फेस्टिव्हल आणि मॅरेथॉनही असतात, त्या तारखांना लेहमध्ये खोल्या भरतात, बुकिंगच्या आधी बघून घ्या.

यात अजून एक गोष्ट जमून येते. पूर्व लडाखमधल्या हानले गावाजवळ ४,५०० मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि २०२२ मध्ये आजूबाजूचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला, गावात रात्री दिवे जपून लावतात. तिथे तारे बघायला जायचं तर चंद्र नको, आणि पितृपंधरवडा संपतो तो सर्वपित्री अमावास्येलाच. मी त्या रात्री हानलेत होते, अंधार पडल्यावर तासाभरात आकाशगंगा दक्षिणेकडून डोक्यावर अशी पसरली की माझ्या शेजारच्या ताई कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. हानले मात्र ट्रिपच्या शेवटी ठेवा, पाच-सहा दिवस उंचीवर काढल्यावरच. आणि अधिक महिना असेल त्या वर्षी हे गणित पुढे सरकतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, गणपतीच १४ सप्टेंबरला, सर्वपित्री १० ऑक्टोबरला, तोवर हानलेत रात्री कडाक्याची थंडी. अशा वर्षी एक अमावास्या आधीची धरायची, पिठोरी, १०-११ सप्टेंबरची.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र नको. ना बर्फाचं वैभव, ना हिरवळ, पुष्कळ गेस्ट हाउस बंद व्हायला लागलेली, आणि थंडी पूर्ण.

त्याच्या पुढचा हिवाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी, हा फिरायला म्हणून नाही, एखाद्या गोष्टीसाठी म्हणून जायचा काळ आहे. गोठलेल्या झंस्कारवरचा चादर ट्रेक, रुमबककडे हिमबिबट्या, लडाखी लोसार (म्हणजे नववर्षाचा सण, तिबेटी लोसारच्या बराच आधी, बहुधा डिसेंबरात येतो), यातलं काही मनात असेल तरच. रात्री उणे १५ साधी गोष्ट, उणे २० सुद्धा होतं. नळाचे पाइप फुटू नयेत म्हणून पाणीच बंद करतात, सकाळी बादली येते. जानेवारीत माझ्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा असायचा, मगाच्या बुडाने तो फोडायचा आणि मग तोंड धुवायचं. खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटवली तर झोपायच्या आधी विझवा आणि खिडकीची फट उघडी ठेवा, धुराने गुदमरायचा धोका खरा आहे.

तिकिटं काढताना एवढं बघा. लेहची बहुतेक विमानं सकाळी असतात कारण दुपारी वारा सुटतो, हवा बिघडली तर विमान सरळ रद्द होतं, हिवाळ्यात बर्फाने आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे जास्त. म्हणून परत येताना त्याच दिवशीचं दिल्लीहून पुढचं तिकीट काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा. आणि घरातल्या एकाचं तरी सिम पोस्टपेड असू द्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही.