पोती किती, त्याआधी तास किती

मृगाचा पाऊस पडला की भाच्याचा फोन ठरलेला. "आत्या, सोयाबीनला एकरी डीएपी खत किती टाकू?" मी म्हणलं, आधी दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, अंतर किती ठेवणार ते सांग. पोरगं गप्प.

आमचं रान बार्शी तालुक्यात, वैरागच्या अंगाला. काळी माती, खाली चुनखडी. असल्या रानात खतातलं स्फुरद (फॉस्फरस) चुन्याला धरून बसतं. नत्रासारखं (नायट्रोजन) पाण्याबरोबर सरकत नाही. पडलं तिथंच राहतं, मुळीनं तिथवर जायचं. हे कळायच्या आधी एका वर्षी मी डीएपी वरून फोकलं, कुळव मारला आणि फूटभरावर दाट पेरलं. पीक कमरेला लागलं, येणारेजाणारे वा वा म्हणाले. भादव्यात सगळं लोळलं. शेंगा शेंड्याला चार. राशीनं ताडपत्रीचा कोपराही झाकला नाही.

आता तास दीड फुटावर, म्हणजे ४५ सेंटिमीटर. दोन झाडांत ५ सेंटिमीटर. एकरी ३० किलो बी. पण टपोऱ्या वाणाचे तेवढ्या किलोत दाणे कमी बसतात, म्हणून किलोवर भरवसा ठेवत नाही. पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, अंगणात ओढायची आणि मीटरभरात पडलेलं बी मोजायचं. २५ ते २८ दाणे हवेत. उगवण ७० टक्के धरली तर १८-२० रोपं उभी राहतात. घरचं बी असलं तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. तास उताराला आडवे. दर सहा तासांनंतर एक मोकळा सोडते, महिन्याभरानं तिथं सरी काढते. पाऊस जास्त झाला तर पाणी निघतं, ओढ दिली तर मुरतं, फवारणीला वाटही होते.

खताला दोन चाड्यांची पाभर, चाडं म्हणजे बी-खत सोडायचं तोंड. बी ४ सेंटिमीटरवर, खत त्याच्याखाली दोन-तीन बोटं. एकाच चाड्यात बी-खत मिसळू नका. सोयाबीनची साल पातळ, खत लागलं की कोंब जळतो, आणि बियाला चोळलेलं रायझोबियमही मरतं, म्हणजे मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत १० किलो बियाला प्रत्येकी २५० ग्रॅम चोळते, सावलीत सुकवते.

आता पोती. हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १२ आणि २४. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात ८ किलो स्फुरद. तीन पोत्यांत हिशेब चुकता, सोबत २६ किलो युरिया. डीएपीचं एक पोतं २३ किलो स्फुरद देतं, नत्र ९ किलो. मी सुपरच घेते, त्यात गंधक येतं आणि तेलबियाला ते लागतंच. तीन पोती वाहताना गडी कुरकुरतो, कुरकुरू दे. पालाश (पोटॅश) माती तपासून.

पेरून ३५-४० दिवस झाले की एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा. ओढू नका, मुळांवरच्या गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसली तर गाठ नत्र धरतेय, युरियाचं आणखी पोतं आणायचं नाही, हे भाच्याला दोनदा सांगितलंय.